माय जुन्या गावाला निघायची

आमच्याकडे प्रत्येकाला दोन गावं आहेत. एक जुनं, एक नवं. जुनं तेरणा नदीच्या अंगाला. तिथं आता बाभळी आणि दगडांचे ढीग. नवं तिथून दोनेक मैलांवर, माळावर आखून-मोजून वसवलेलं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बोळवून माणसं उशिरा निजली होती, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यातली ५२ गावं मग दुसरीकडे वसवली गेली. इथं कुणी 'जुन्या गावाला जाऊन येतो' म्हटलं की ऐकणारा पुढं काही विचारत नाही.

माझी माय २०१४ च्या सुमारास दिवे लागायच्या वेळेला जुन्या गावाला निघायला लागली. पदर सारखा करायची, खुंटीवरची पिशवी घ्यायची आणि वहिनीला म्हणायची, "येते गं माय. लई उशीर झाला. घरी जाते." ज्या उंबऱ्यावर उभी राहून ती हे म्हणायची तो तिच्याच घराचा होता. एकोणीस वर्षं ती तिथं राहत होती. तुळस तिनं लावलेली, अंगणातला लिंब तिनं पाणी घालून वाढवलेला. वहिनी हात धरून आत आणायची. थोड्या वेळानं पुन्हा पदर, पुन्हा पिशवी.

मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. प्रथिनांचा धडा मी किती वर्षं शिकवला याची मोजदाद नाही. अमिनो आम्लांची माळ, तिची घडी, घडी चुकली तर काय होतं, हे फळ्यावर रंगीत खडूनं काढून दाखवायची. आणि माझ्या मायच्या डोक्यात त्याच माळांची घडी चुकत होती, हे मला तीन वर्षं कळलं नाही. तीन वर्षं मी तिच्यावर चिडत होते.

सुरुवात कधी झाली हे आता मागं वळून सांगता येतं. २०१३ च्या जानेवारीतली येळवस. वेळ अमावस्या म्हणजे आमच्या लातूर-धाराशिवकडचा सगळ्यात मोठा सण. दिवाळीला न येणारी लेकरं येळवसीला येतात. शेतात कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, आणि मातीच्या बिंदगीत ज्वारीची आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडी असं सगळं डोक्यावर घेऊन रानात जायचं. मायच्या हाताच्या आंबिलीसाठी शेजारच्या शेतातली माणसं वाट वाकडी करून यायची. त्या वर्षीही आंबील तशीच झाली होती. पूजा झाली, 'ओलगे ओलगे' म्हणत कोपीभोवती फेरे झाले, पंगत बसली. जेवता जेवता मायनं विचारलं, "पूजा कवा करायची?" माझा भाऊ आण्णा म्हणाला, "झाली की." ती बरं म्हणाली. उंडा संपायच्या आत पुन्हा, "पूजा कवा करायची रे?" सगळे हसले. मीही हसले. लेकरांना तर गंमतच वाटली, ती मुद्दाम तिच्याजवळ जाऊन विचारायला लागली, "अज्जी, पूजा कवा करायची?" ती त्यांच्यासोबत हसत होती, पण तिचे डोळे हसत नव्हते. ते मी पाहिलं होतं. पाहून बाजूला सारलं.

मग तेच प्रश्न. दूध तापवलं का, लातूरची गाडी आली का, तू कवा आलीस. "कवा आलीस" हे ती मला एका सकाळी आठ-दहा वेळा विचारायची. सुरुवातीला मी उत्तर द्यायची, मग नुसतं हं म्हणायची, मग एक दिवस मोठ्यानं म्हणाले, "किती वेळा सांगू तुला? डोकं आहे का ठिकाणावर?" ती गप्प बसली. दहा मिनिटांनी तिला माझं बोलणं आठवत नसणार, असं मला वाटलं, आणि खरंच आठवत नव्हतं. पण ती दुपारभर भिंतीकडे तोंड करून बसली. वहिनीनं विचारलं, काय झालं? म्हणाली, "काय की गं. जिवाला बरं वाटना."

या प्रसंगाकडे मी पुन्हा येणार आहे.

आम्हाला रोगाची शंका आली नाही याचं कारण सांगते, कारण ते प्रत्येक घरात असतं. मायला जुनं सगळं आठवायचं. नुसतं आठवायचं नाही, दिसायचं. रझाकारांच्या धामधुमीत ती सात-आठ वर्षांची होती. तिच्या वडलांनी रातोरात बैलगाडीत घालून बार्शीकडं नेलं, चाकांचा आवाज होऊ नये म्हणून आसाला तेल घातलं, आणि वाटेत तिच्या हातातली गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी सांडली, हे ती काल झाल्यासारखं सांगायची. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण होतं, तांबडी मिलो ज्वारी कशी लागायची, सुकडीच्या रांगेत कुणाचं भांडण कुणाशी झालं, एक तपशील चुकायचा नाही. मग पाहुणे म्हणायचे, "हिला कशाचा इसर? आपल्यापेक्षा हिलाच जास्त ध्यानात हाय." आम्हीही तेच म्हणायचो. साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ, असे शब्द आपल्या भाषेत तयार असतातच. ते एकदा वापरले की दवाखान्याची वाट बंद होते. या शब्दांचा मला आता राग येतो.

जुनं आठवतं म्हणजे डोकं शाबूत आहे, ही आमची समजूत नुसती अपुरी नव्हती, ती उलटी होती. जुनं लख्ख आणि सकाळचं गायब, हीच या आजाराच्या, अल्झायमरच्या, सुरुवातीची खूण. कारण आजार मेंदूत कुठूनही सुरू होत नाही. त्याची एक ठरलेली वाट आहे.

कानाच्या आतल्या अंगाला, मेंदूच्या तळाशी हिप्पोकॅम्पस नावाचा करंगळीएवढा भाग आहे, दोन्ही बाजूंना एकेक. त्याच्या दारात एंटोरायनल कॉर्टेक्स नावाची पट्टी. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं या दारातून हिप्पोकॅम्पसकडे जातं आणि तिथं त्याची आठवण बांधली जाते. पुढं महिनोन् महिने, वर्षानुवर्षं ती आठवण मेंदूच्या वरच्या, पसरलेल्या थरांत मुरत जाते. आमच्या जुन्या घरात भिंतीतच धान्य साठवायचं बळद होतं. शेतातलं पीक आधी खळ्यावर यायचं, मळून-उपणून झालं की बळदात जायचं. हिप्पोकॅम्पस हे खळं आहे. खळं मोडलं तरी बळदातलं जुनं धान्य लगेच संपत नाही. त्या धान्यावर घर काही वर्षं जेवतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं, या घरात काही कमी नाही.

हे कळलं ते एका माणसामुळं. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाची फेफरं थांबावीत म्हणून शस्त्रक्रिया केली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढून टाकला. फेफरं कमी झाली. पण त्यानंतर भेटलेला एकही माणूस त्याच्या ध्यानात राहिला नाही. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंनी त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. दर वेळी तो त्यांना नव्यानं भेटायचा. लहानपण मात्र त्याला आठवत होतं. आणि आरशात पाहून आकृती गिरवायचं कसब तो रोज सरावानं शिकत गेला, आपण हे काल केलं होतं याची पुसटशी जाणीवही नसताना.

हे वाचलं तेव्हा मला मायच्या भाकरी आठवल्या. ती चुलीपुढं बसली की हात चालायचेच. पीठ मळणं, थापणं, तव्यावर टाकून पाणी फिरवणं, आरावर शेकून फुगवणं, कशात चूक नाही. फक्त दुरडी भरली हे तिला कळायचं नाही. वहिनी शेतातून येईपर्यंत वीस-पंचवीस भाकरी झालेल्या असायच्या. हाताचं ज्ञान मेंदूच्या वेगळ्या भागांत असतं, तिथं आजार फार उशिरा पोचतो. वहिनीनं पीठाचा डबा लपवायला सुरुवात केली तेव्हा मीच तिला अडवलं. म्हटलं, राहू दे, म्हशीला घालू. माझ्या हातून झालेल्या थोड्या बऱ्या गोष्टींतली ती एक.

आता त्या प्रथिनांविषयी. दोन आहेत, आणि दोन्ही निरोगी मेंदूतही असतात.

पहिलं बीटा-अमायलॉइड. चेतापेशीच्या आवरणात एक मोठं प्रथिन रोवलेलं असतं. दोन विकरं, म्हणजे एन्झाइम, त्याला दोन जागी कापतात आणि मधला लहान तुकडा बाहेर पडतो. हा तुकडा बहुतेक वेळा चाळीस अमिनो आम्लांचा असतो, कधी बेचाळीसचा. ही दोन जास्तीची आम्लं त्याला चिकट करतात. बेचाळीसचे तुकडे एकमेकांना धरतात, त्यांचे लहान लहान पुंजके होतात, आणि पुढं पेशींच्या बाहेर त्यांची पुटं साचतात. दुसरं टाऊ. चेतापेशीच्या लांब शेपटीत सूक्ष्मनलिका असतात, त्यांवरून पेशीचा माल इकडून तिकडे जातो. कडब्याची पेंढी बंदानं आवळावी तशा या नलिका टाऊमुळं नीट उभ्या राहतात. आजारात टाऊला गरजेपेक्षा जास्त फॉस्फेट चिकटतं, त्याची पकड सुटते, पेंढी विसकटते, आणि सुटलेलं टाऊ पेशीच्या आतच एकमेकांत पीळ घालून गुंता करतं.

पुटं बाहेर, गुंता आत. अलॉइस अल्झायमर यांनी ज्या बाईच्या मेंदूत हे दोन्ही पाहिलं, तिचं नाव ऑगुस्टे डेटर. १९०१ च्या नोव्हेंबरात एक्कावन्न वर्षांच्या या बाईला तिच्या नवऱ्यानं फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आणलं. अल्झायमरांनी तिच्याशी झालेलं बोलणं लिहून ठेवलं. नवऱ्याचं नाव विचारलं तर तिनं स्वतःचंच नाव सांगितलं. ती डुकराचं मांस आणि फुलकोबी खात होती; काय खाताय विचारल्यावर म्हणाली, पालक. आणि तिचंच एक वाक्य: मी जणू स्वतःलाच हरवून बसले. १९०६ मध्ये ती गेली. तिच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले तेव्हा पुटं आणि गुंते दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्झायमरांनी हे ट्यूबिंगनच्या सभेत मांडलं. पुटं कशाची बनली आहेत हे कळायला १९८४ साल उजाडावं लागलं.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते पुढच्या गोष्टीनं. आठवण जाण्याचा हिशेब पुटांच्या संख्येशी नीट जुळत नाही. मरेपर्यंत चांगल्या स्मरणशक्तीची राहिलेली माणसंही मेंदूत भरपूर पुटं घेऊन गेलेली सापडली आहेत. अमेरिकेत कॅथलिक जोगिणींच्या एका मोठ्या अभ्यासात एकशे एक वर्षांची एक बाई अशीच निघाली. आठवणीशी घट्ट जुळतो तो सिनॅप्सचा तोटा. एक चेतापेशी दुसरीशी जिथं बोलते ती फट म्हणजे सिनॅप्स, आणि शिकणं म्हणजे ठरावीक सिनॅप्स बळकट होणं. पुटं बनायच्याही आधी अमायलॉइडचे जे लहान, विरघळलेले पुंजके फिरत असतात, ते या बळकट होण्यातच खोडा घालतात, असं उंदरांच्या मेंदूवरच्या प्रयोगांत वारंवार दिसलं. पेशी जिवंत असते. निरोप येतो. पण तो रुजत नाही.

म्हणजे "कवा आलीस" याचं उत्तर माय विसरत नव्हती. विसरायला ते आधी आत जावं लागतं. मी सांगत होते, ती ऐकत होती, समजून मान हलवत होती, आणि ते शब्द खळ्यापर्यंत पोचून तिथंच उडून जात होते. दर वेळी तिनं मला पहिल्यांदाच विचारलेलं असायचं. माझ्या कपाळावरची आठी मात्र दहाव्या वेळेची असायची. ती आठी तिला कशी दिसत असेल? लेक दारात आली, आपण विचारलं कवा आलीस, आणि लेक खेकसली. कारण नाही, काही नाही.

या पुंजक्यांच्या संशोधनात एक काळी बाजूही आहे. २००६ मध्ये एका विशिष्ट पुंजक्यालाच आठवण जाण्याचं कारण ठरवणारा एक निबंध गाजला. त्यातल्या चित्रांत फेरफार केल्याचं पुढं उघड झालं आणि २०२४ मध्ये तो मागं घेतला गेला. अमायलॉइडच्या पुंजक्यांविषयी जे माहीत आहे ते त्या एका निबंधावर उभं नाही, हे खरं. तरीही अठरा वर्षं म्हणजे या आजाराच्या कितीतरी माणसांची सगळी शिल्लक वर्षं. हे वाचून मी रात्रभर जागी होते.

टाऊची वाट जास्त शिस्तीची. हाइको आणि एवा ब्राक या जर्मन जोडप्यानं १९९१ मध्ये मेंदूंचे काप तपासून ती आखून दाखवली. गुंते वरच्या थरांत सर्वांत आधी दिसतात ते एंटोरायनल कॉर्टेक्सच्या पट्टीत. दारातच. मग हिप्पोकॅम्पस. मग बाजूचे भाग, मग सगळा वरचा पसारा. याच दाराच्या पट्टीत २००५ मध्ये नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांना उंदराच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या प्राणी कुठं आहे याचा जणू नकाशा आखतात. २०१४ चं नोबेल त्या शोधाला मिळालं. म्हणून या आजारात ओळखीच्या वाटेवर चुकणं हे फार लवकरचं लक्षण आहे.

आमच्या नव्या गावात चुकणं सोपंही आहे. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, एकसारखी घरं, प्रत्येकावर नंबर. माय किराणा दुकानातून परतताना तिसऱ्याच घरात शिरायची, तिथल्या बाईला म्हणायची, "तू हितं कशी?" जुन्या गावात असं होणं शक्य नव्हतं. तिथं प्रत्येक वळणाला काही होतं. मारुतीचा पार, मोडका बुरूज, अमक्याची ढेळज, तमक्याचा उकिरडा. तो नकाशा तिच्या बळदात पक्का होता. नव्या गावाचा नकाशा पुसट होत गेला तेव्हा तिच्याकडे चालायला एकच गाव उरलं.

अमायलॉइड साचायला लागतं ते पहिलं लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. हे मी अनेक ठिकाणी वाचून पक्कं केलं, कारण वजाबाकी केल्यावर अंगावर काटा आला होता. २०१३ मधून वीस वर्षं वजा केली की १९९३. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, माय विटा वाहत होती, नव्या घराची जमीन चोपत होती, आणि त्याच वर्षांत कधीतरी तिच्या डोक्यात पहिले तुकडे चिकटायला लागले असतील. भूकंपामुळं आजार झाला असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे कसलाही आधार नाही. फक्त दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या.

दवाखान्यात नेलं २०१६ मध्ये, आणि तेही पाण्यामुळं. त्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. अख्खं शहर बघायला गेलं. माय तेव्हा माझ्याकडे होती, मी तिलाही नेलं. तिनं वाघिणीला हात जोडले. घरी आल्यावर मी म्हटलं, "पाहिलंस ना, रेल्वेनं पाणी!" ती म्हणाली, "कशाची रेल्वे?" वेंधळेपणानं आपण काहीबाही विसरतो. पण तहानलेल्या गावाला आगगाडीनं पाणी आलेलं पाहणं, आणि तासाभरात त्याचा मागमूस नसणं? त्या रात्री पहिल्यांदा मी जीवशास्त्राची बाई म्हणून विचार केला.

डॉक्टरांनी आधी बी-१२, थायरॉइड तपासलं, कारण त्यांच्या कमतरतेनंही असं होतं आणि ते बरं होतं. ते ठीक निघालं. मग प्रश्न. आज तारीख काय, साल कोणतं, घड्याळाचं चित्र काढा. माझ्या मायनं आयुष्यात पेन धरलं नव्हतं. इसवी सनात ती कधी राहिलीच नव्हती. तिचा काळ रझाकार, दुष्काळ, भूकंप असा मोजला जायचा. ती चाचणी तिला दरडावल्यासारखी वाटली असणार. हरियाणातल्या बल्लभगडला १९९० च्या दशकात निरक्षर गावकऱ्यांसाठी वेगळी प्रश्नावली बनवली गेली, हे मला नंतर कळलं. आमच्या डॉक्टरांनी स्वतःहून प्रश्न बदलला. म्हणाले, "आजी, अमावस्या कधी आहे?" आणि माय, जी आकाशाकडे न बघता तिथी सांगायची, माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "सांग की गं." तेव्हा मला रडू आलं.

एमआरआयमध्ये दोन्ही हिप्पोकॅम्पस आकसलेले दिसले. गोळ्या सुरू झाल्या. चेतापेशींमधला एक निरोप्या पदार्थ थोडा जास्त वेळ टिकवणाऱ्या त्या गोळ्या, आजार त्यांनी थांबत नाही. अमायलॉइड काढून टाकणारी औषधं अमेरिकेत आली ती नंतर. त्यांतल्या लेकॅनेमॅबला २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली; दीड वर्षाच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका, पुन्हा पुन्हा एमआरआय, आणि उपयोग फक्त अगदी सुरुवातीच्या रुग्णाला. सुरुवातीच्या! २१७ क्रमांकाच्या जागी फॉस्फेट चिकटलेलं टाऊ रक्तात मोजून आता आजार लवकर हेरता येतो. पण त्यासाठी कुणीतरी म्हातारीला आधी दवाखान्यात न्यायला हवं. भारतात साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. त्यांतल्या कितीजणींना घरात म्हातारचळ लागला असं म्हटलं जात असेल.

आजार बळदापर्यंतही पोचतोच. नव्याकडून जुन्याकडे, उलट पावलांनी. आधी नवं गाव गेलं. दादा, म्हणजे माझे वडील, २००९ मध्ये गेले होते, ते जाणं गेलं. ती त्यांची भाकर झाकून ठेवायला लागली. आणि २०१९ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिनं विचारलं, "बापू आला का गं?"

बापू माझा धाकटा भाऊ. चौदा वर्षांचा. त्या रात्री माय-दादा राखणीला शेतात होते, आण्णा गोठ्यापुढं उघड्यावर झोपला होता, मी शिकायला लातूरला. बापू गणपती बोळवून आला आणि आजीच्या कुशीत माळवदाखाली झोपला.

सव्वीस वर्षांत मायनं त्याचं नाव आमच्यापुढं घेतलं नव्हतं. कधीच नाही. आणि आता ती दारात उभी राहून विचारत होती, अंधार पडायला लागला, बापू अजून कसा आला नाही? भूकंप तिच्या डोक्यातून निघून गेला होता. मला काय सुचलं कोण जाणे, मी खरं सांगितलं. म्हटलं, "माय, बापू गेला नाही का भूकंपात." तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ती जशी रडली, तसं मी कुणालाही रडताना ऐकलं नाही. १९९३ मध्ये ती अशी रडली नव्हती, तेव्हा ती दगड उचलत होती. पाऊण तासानं ती थांबली, पाणी प्यायली, आणि आपण का रडत होतो ते तिला ठाऊक नव्हतं. पण हुंदका राहिला. रात्री झोपेतही राहिला.

आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी चित्रफिती दाखवल्या. काही मिनिटांत काय पाहिलं ते त्यांना आठवेना, पण दुःख टिकून राहिलं. ज्यांना कमी आठवलं त्यांचं दुःख जास्त वेळ टिकलं. हे वाचताना मला भिंतीकडे तोंड करून बसलेली माय दिसली. "जिवाला बरं वाटना." मी तिच्यावर ओरडायचे आणि मनाशी म्हणायचे, जाऊ दे, तिला कुठं आठवणार आहे.

त्यानंतर बापू आला का, या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर ठरलं. आण्णा, वहिनी, मी, लेकरं, सगळे तेच सांगायचो. शेतात गेलाय, येईल. ती "बरं" म्हणायची. पुन्हा विचारायची, आम्ही पुन्हा सांगायचो. सुरुवातीला हे उत्तर देताना जीभ जड व्हायची. मग एक दिवस ध्यानात आलं की बापूचं नाव घरात रोज उच्चारलं जातंय. आण्णा तर सांगायला लागला, "बैलं घेऊन गेलाय," "मोट धरायला गेलाय." ज्या लेकरांनी बापूला पाहिलं नव्हतं त्यांना तो ठाऊक झाला.

२०२१ च्या जानेवारीतली येळवस तिची शेवटची. त्याच पावसाळ्यात ती गेली. त्या दिवशी तिला कोपीजवळ घोंगडीवर बसवलं होतं. वजन राहिलं नव्हतं, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं होतं, मला ती 'बाई' म्हणायची. पूजा झाली. वहिनीनं तिच्यापुढं आंबिलीचा वाडगा ठेवला. तिनं दोन्ही हातांनी तो उचलला, तोंडाशी नेला, वास घेतला, आणि माझ्याकडे सरकवला.

"बापूला ठिव."

मी वाडगा घेतला, कोपीत नेऊन पांडवांच्या शेजारी ठेवला आणि वर ताटली झाकली. बाहेर आले तेव्हा ती बांधाकडे बघत होती. उन्हं कलेपर्यंत तिनं चारदा विचारलं, ठेवली का. चारही वेळा मी आत जाऊन ताटली उचलून बघून आले.